विजेवर भाजलेले सिमेंट: आग बदलेल, पण दगडाचे काय?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंटसह चार उद्योगांतील कारखान्यांना उत्सर्जनाची लक्ष्ये नियमाने बांधून दिली. दर टन मालामागे कारखान्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडावा याची मर्यादा त्यात घातलेली आहे. ज्याचे उत्सर्जन मर्यादेच्या आत राहील त्याला विकता येण्याजोगी प्रमाणपत्रे मिळतात आणि ज्याचे मर्यादेबाहेर जाईल त्याला ती विकत घ्यावी लागतात. तेव्हापासून 'विजेवरची सिमेंट भट्टी' आणि 'हरित सिमेंट' हे शब्द बातम्यांत वारंवार दिसू लागले आहेत. वाचणाऱ्याचा समज साहजिकच असा होतो की कोळशाच्या जागी वीज आली की सिमेंटचा प्रश्न मिटला, जसा घरातल्या गॅसच्या जागी इंडक्शन शेगडी आली की स्वयंपाकघरातली ज्योत जाते. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भागच जास्त महत्त्वाचा आहे.

गोव्यात चुनखडक भाजून सिमेंट करणारा कारखाना नाही. आपल्याकडचे सिमेंट घाटापलीकडून येते. शेजारच्या कर्नाटकात बागलकोट आणि कलबुर्गी भागात चुनखडकाचे मोठे साठे आहेत आणि भट्ट्याही तिथेच आहेत. मात्र मांडवीवरचा अटल सेतू, झुआरीवरचा नवा पूल, मोपा विमानतळ आणि गावोगावी वाढणारे मजले यांत आपण वापरलेल्या सिमेंटचा वायू तिकडच्या धुराड्यांतून बाहेर पडला, एवढ्याने तो आपल्या खात्यातून वजा होत नाही. म्हणून हा विषय इथेही नीट समजून घेण्यासारखा आहे.

भट्टीत नेमके काय होते?

सिमेंटची मूळ क्रिया गोव्याला नवी नाही. जुनी चर्च, देवळे आणि वाडे चिऱ्याचे असले तरी त्यांचे सांधे आणि गिलावा चुन्याचे आहेत, आणि किनाऱ्यालगत हा चुना बहुधा शिंपले भाजून केला जात असे. शिंपला आणि चुनखडक रसायनाच्या दृष्टीने एकच पदार्थ आहेत. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहेत. सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर हा पदार्थ फुटतो आणि त्याचे दोन भाग होतात. एक कळीचा चुना, जो भट्टीत राहतो, आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड, जो हवेत निघून जातो. शुद्ध कार्बोनेट १०० किलो घेतले, तर ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. भट्टीत घातलेल्या शिंपल्यांपेक्षा बाहेर काढलेला चुना इतका हलका का भरतो, याचे उत्तर हेच आहे. सिमेंटचे कारखाने शहरांजवळ न उभारता खाणींच्या तोंडाशी का उभारतात, याचेही निम्मे उत्तर यातच आहे: जे वजन वाटेत हवा होणार आहे, ते शेकडो किलोमीटर वाहून कोण नेईल?

सिमेंटमध्ये यापुढे आणखी एक पायरी असते. चुनखडकाबरोबर चिकणमाती आणि थोडे लोहखनिज दळून ते मिश्रण एका लांब, किंचित कलत्या, सतत फिरणाऱ्या नळकांडी भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवले जाते. तिथे चुना आणि मातीतील सिलिका एकजीव होऊन गोटीएवढे राखाडी खडे तयार होतात. या खड्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर थोड्या जिप्समबरोबर बारीक दळला की सिमेंट झाले. पाणी मिसळल्यावर दगडासारखे घट्ट होण्याचा गुण क्लिंकरमध्ये असतो, आणि सिमेंटच्या प्रदूषणाचा जवळजवळ सगळा भारही क्लिंकरवरच असतो. लीड्समधील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. त्यानंतर भट्ट्या प्रचंड झाल्या आणि इंधनाची काटकसर खूप झाली, परंतु चुनखडक भाजायचा आणि त्यातला वायू सोडून द्यायचा हा मूळ व्यवहार तसाच राहिला.

धूर कोळशाचा किती, दगडाचा किती?

आता थोडा हिशेब करू, कारण पुढचा सगळा वाद या हिशेबावर उभा आहे. एक टन क्लिंकरमध्ये सुमारे ६५ टक्के चुना असतो. तेवढा चुना चुनखडकातून काढताना साधारण ५१० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा दगडाचा वायू झाला. चांगल्या भारतीय भट्टीला एक टन क्लिंकरसाठी सुमारे ३.१ गिगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत ती ८६० युनिटांच्या बरोबरीची आहे, आणि कोळसा जाळून ती मिळवली तर साधारण ३०० किलो वायू बाहेर पडतो. म्हणजे एकूण ८१० किलोंपैकी आगीचा वाटा पाच भागांतले दोन भाग आणि दगडाचा वाटा तीन भाग.

हे बॅगेच्या भाषेत मांडू. ५० किलोच्या साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटच्या बॅगेत जवळजवळ ४७ किलो क्लिंकर असतो. दळण्याची वीज धरून त्या एका बॅगेमागे सुमारे ४० किलो वायू हवेत गेलेला असतो. औष्णिक वीज केंद्रांतील राख मिसळलेल्या पीपीसी बॅगेत क्लिंकर कमी असल्याने हा आकडा २८ किलोंच्या आसपास येतो. गवंड्याने कोपऱ्यात रचलेल्या बॅगांची थप्पी पाहताना हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जग दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट वापरते आणि माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के वायू एकट्या या उद्योगातून येतो. उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो.

कोळसा काढून वीज घातली तर?

आगीच्या जागी वीज आणायची म्हणजे ती दोन निरनिराळ्या ठिकाणी आणायची. पहिले ठिकाण म्हणजे फिरत्या भट्टीच्या आधीचा उंच मनोरा. चुनखडकातला वायू मुख्यतः तिथेच, ९०० अंशांच्या आसपास, बाहेर काढला जातो. या भागाला कॅल्सिनर म्हणतात, आणि आधुनिक कारखान्यात सुमारे ६० टक्के इंधन इथेच जळते. दुसरे ठिकाण म्हणजे १४५० अंशांची फिरती भट्टी.

कॅल्सिनर विजेवर आणणे तुलनेने सोपे आहे, कारण ९०० अंश तापमान विजेच्या तारेने तापवलेल्या नळीतूनही गाठता येते. फिरती भट्टी मात्र अवघड आहे. तिथे २००० अंशांच्या आसपासची ज्योत नुसती हवा तापवत नाही, तर तिच्या प्रकाशासारख्या प्रारणातून उष्णता थेट मालावर पडते. तेवढे तापमान सोसणारी पोलादाची नळी नाही. म्हणून तिथे प्लाझ्मा, म्हणजे विजेच्या झोताने इतका तापवलेला वायू की जो स्वतःच वीज वाहू लागतो, वापरून पाहिला जात आहे. स्वीडनमधील सिमेंट कंपनी सिमेंटा आणि वीज कंपनी वॅटेनफॉल यांनी २०१७ मध्ये याच दिशेने अभ्यास हाती घेतला आणि तांत्रिकदृष्ट्या हे शक्य असल्याचा निष्कर्ष काढला. फिनलंडच्या कूलब्रुक कंपनीची कल्पना निराळी आहे: विजेच्या मोटरने पाती अतिवेगाने फिरवायची, वायूला प्रचंड गती द्यायची आणि तो एकदम थोपवून त्या गतीची उष्णता करायची. भारतातील अल्ट्राटेकने या कंपनीशी करार केला आहे.

हे सारे ऐकायला उत्साहवर्धक असले, तरी इथे आपल्या देशाचा एक हिशेब आड येतो आणि बातम्यांत तो सहसा येत नाही. भारतीय ग्रिडमधून मिळणाऱ्या एका युनिटमागे आज सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण ती वीज मुख्यतः कोळशाचीच आहे. कोळसा भट्टीत सरळ जाळून तेवढीच उष्णता घेतली तर सुमारे ०.३४ किलो सुटतो. कारण उघड आहे: वीज केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भागाची वीज होते आणि उरलेली उष्णता वाया जाते, मग तीच वीज भट्टीत आणून पुन्हा तिची उष्णता करायची. ८६० युनिटांना ०.७ ने गुणले की ६०० किलो होतात. म्हणजे आज ग्रिडची सरसकट वीज वापरून क्लिंकर भाजला, तर आगीचा वाटा ३०० किलोंवरून ६०० वर जातो आणि एका टनामागचे उत्सर्जन ८१० किलोंऐवजी ११०० च्या वर पोहोचते. विजेच्या भट्टीत ज्वलनाची हवा तापवावी लागत नसल्याने थोडी उष्णता वाचते हे खरे, पण ती बचत एवढी मोठी दरी भरून काढणारी नाही.

आपल्या चौकातली इलेक्ट्रिक मोटार मग फायदेशीर कशी, असे कोणी विचारेल. पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवते, आणि विजेची मोटर ते नुकसान टाळते. भट्टीला मात्र उष्णताच हवी असते. तिथे वाया जाणारी गोष्टच माल असते, त्यामुळे विजेला मोटारीत मिळणारी ती आघाडी भट्टीत मिळत नाही. सिमेंटसाठी विजेची भट्टी सूर्य, वारा, पाणी किंवा अणुऊर्जा यांच्या विजेवरच चालवली पाहिजे. अन्यथा धुराडे बागलकोटहून उठवून छत्तीसगडच्या वीज केंद्रावर नेऊन बसवल्यासारखे होईल, आणि तेही आधीपेक्षा मोठे.

वीज पूर्ण स्वच्छ आहे असे मानले, तरीही ५१० किलो दगडाचा वायू शिल्लक राहतोच. चुनखडकाला उष्णता कोळशाने दिली की विजेने, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

विजेचा खरा उपयोग: वायू वेगळा राहतो

मग एवढी खटपट करायची कशाला? माझ्या मते विजेच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा इथून सुरू होतो, आणि तो इंधन बदलण्याचा नाही.

आजच्या कॅल्सिनरमध्ये कोळसा आणि चुनखडक एकाच पोकळीत असतात. कोळसा जाळायला हवा लागते आणि हवेत चार पंचमांश नायट्रोजन असतो. परिणामी धुराड्यातून जे बाहेर येते त्यात कार्बन डायऑक्साइड साधारण पाव भागच असतो. बाकी नायट्रोजन, वाफ आणि इतर वायू. त्यातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा म्हणजे कोकमाचे आगळ पाण्यात ओतून सरबत करायचे आणि मग त्या सरबतातून पुन्हा आगळ काढायला बसायचे. ते जमत नाही असे नाही, पण त्याला रसायने, यंत्रसामग्री आणि पुन्हा भरपूर उष्णता लागते.

कॅल्सिनर विजेने बाहेरून तापवला तर आत ज्वलनच होत नाही, हवा शिरत नाही, आणि चुनखडकातून जो वायू निघतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो. तो थंड करायचा, दाबायचा आणि न्यायचा. बेल्जियममधील लिक्स येथील सिमेंट कारखान्यात २०१९ पासून अशा बाहेरून तापवलेल्या नळीची चाचणी झाली. 'लिलॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकल्पात पोलादाच्या उंच उभ्या नळीतून दळलेला चुनखडक वरून सोडतात. खाली पडता पडता तो नळीच्या तापलेल्या भिंतीमुळे भाजला जातो आणि सुटलेला वायू वरच्या टोकाने वेगळा निघतो. ती नळी इंधनाच्या वायूने तापवली होती. परंतु बाहेरची उष्णता कुठून येते याने आतल्या क्रियेत फरक पडत नाही, म्हणून तिथे वीज बसवणे हा पुढचा स्वाभाविक टप्पा ठरतो.

वेगळा केलेला वायू ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. नॉर्वेतील ब्रेविक येथे जून २०२५ मध्ये सुरू झालेला प्रकल्प दरवर्षी ४ लाख टन वायू, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनाचा सुमारे निम्मा भाग, पकडून उत्तर समुद्राच्या तळाखालच्या खडकांत साठवण्यासाठी पाठवतो. तिथे धुरातून रसायनांनी वायू काढण्याची जुनी, सरबताची पद्धत वापरली आहे, तरीही संपूर्ण साखळी कारखान्याच्या प्रमाणावर चालू शकते हे तिने दाखवून दिले. आइसलँडमध्ये बेसाल्ट खडकात पाण्याबरोबर वायू सोडला असता तो खनिज होऊन दगडातच बसतो, हेही सिद्ध झाले आहे. दख्खनच्या पठारावर बेसाल्ट मुबलक असल्याने भारतीय भूशास्त्रज्ञ त्याकडे आशेने पाहतात. भारतात मात्र असा साठा व्यापारी पातळीवर अजून सुरू झालेला नाही, आणि जमिनीखाली वायू भरण्याचा निर्णय नुसता अभियंत्यांचा नसतो. ज्यांच्या जमिनीखाली तो जाणार त्यांचाही असतो.

भट्टीच नको असा विचार

विजेचा दुसरा मार्ग उष्णतेला वळसा घालून जातो. पाण्यातून वीज सोडली की एका टोकाशी आम्ल तयार होते आणि दुसऱ्या टोकाशी अल्कली. आम्लात चुनखडक विरघळतो आणि त्यातले कॅल्शियम मोकळे होते. ते अल्कलीच्या बाजूला सरकले की तिथे विरलेल्या चुन्याची, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, पांढरी पूड खाली बसते. जे काम शिंपल्यांच्या भट्टीला ९०० अंशांत करावे लागे, ते इथे साध्या तापमानाला होते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये यावर संशोधन करणारे येत-मिंग च्यांग आणि लीया एलिस यांनी २०२० मध्ये सब्लाइम सिस्टम्स ही कंपनी काढली.

यातही दगडाचा वायू चुकत नाही, तो शुद्ध रूपात मिळतो इतकेच. मात्र या पद्धतीला कच्चा माल म्हणून चुनखडकच लागतो असे नाही. ज्यात कॅल्शियम आहे पण कार्बोनेट नाही, असे इतर खडक किंवा औद्योगिक राख विरघळवली तर दगडाचा वायू निर्माणच होत नाही. सगळ्या चर्चेत मुळावर घाव घालणारी कल्पना हीच आहे. प्रश्न तिच्या आकाराचा आहे. प्रयोगशाळेत किंवा छोट्या संयंत्रात टनांनी माल काढणे आणि बागलकोटच्या एका भट्टीतून वर्षाला लाखो टन काढणे यांत कित्येक वर्षांचे आणि प्रचंड भांडवलाचे अंतर आहे. आणि २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या कंपनीला देऊ केलेले मोठे अनुदान रद्द केल्याने ते अंतर वाढले आहे.

केंब्रिज विद्यापीठातील गटाने याहून चतुर मार्ग काढला. पाडलेल्या इमारतीच्या काँक्रीटमधून खडी आणि रेती बाजूला केली की जुने सिमेंट उरते. त्यातला चुना कधीच भाजून झालेला असतो, त्याचा वायूही कधीच गेलेला असतो. भंगार पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या आर्क भट्टीत मळ पकडण्यासाठी एरवी ताजा चुना घालतात. त्याऐवजी हे जुने सिमेंट घातले आणि वर तरंगणारी मळी झपाट्याने थंड केली, तर ती क्लिंकरसारखी निघते. हे काम २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पोलादासाठी जळणाऱ्या विजेतच सिमेंट पदरात पडते, हा यातला विशेष. परंतु देशातले सगळे पाडकाम गोळा केले तरी भारतासारख्या बांधत्या देशाची भूक त्याने भागणार नाही, कारण आपण पाडतो त्याच्या कित्येक पट बांधतो.

बॅग कितीला पडेल?

पन्नास किलो क्लिंकरला ४३ युनिट उष्णता लागते. कारखान्याला वीज ६ रुपये युनिटने पडते असे धरले, तर ही उष्णता २५८ रुपयांना पडेल. टनाला दहा-बारा हजार रुपये दराच्या चांगल्या कोळशातून तीच उष्णता ६० ते ७५ रुपयांत मिळते. बॅगेची किंमत साडेतीनशे-चारशे रुपयांच्या घरात असताना हा फरक कोणताही कारखानदार आपणहून सोसणार नाही. भारतात सौर विजेचे लिलाव मात्र अडीच रुपयांच्या आसपास झाले आहेत. त्या भावाने आकडा १०७ रुपयांवर येतो, आणि इथून बोलणी सुरू होऊ शकतात.

अडचण अशी की सूर्य सायंकाळी मावळतो आणि सिमेंटची भट्टी महिनोन्‌महिने अखंड चालते. तिला रोज थंड करून रोज तापवले तर आतल्या उष्णतारोधक विटा तडकतात. म्हणून दिवसाच्या स्वस्त विजेने विटांचे किंवा दगडांचे मोठे ढीग तापवून ठेवायचे आणि रात्री त्यांतली उष्णता वापरायची, अशा साठवणुकीची सोय करावी लागते, आणि तिचा खर्च त्या १०७ रुपयांवर चढतो. शिवाय जागा लागते. वर्षाला १० लाख टन क्लिंकर काढणाऱ्या, आजच्या मानाने लहान भट्टीला अखंड १०० मेगावॅट वीज हवी. ती फक्त सूर्याकडून घ्यायची तर साडेपाचशे ते सहाशे मेगावॅटचे पॅनेल आणि अडीच हजार एकरांच्या आसपास जमीन लागेल.

स्वीडनच्या अभ्यासात सिमेंटचा उत्पादनखर्च जवळपास दुप्पट होईल, पण त्यापासून बांधलेल्या घराचा किंवा पुलाचा खर्च काही टक्क्यांनीच वाढेल, असे दिसून आले. ही गोष्ट आपल्याकडेही पटण्यासारखी आहे. गोव्यात फ्लॅटच्या किमतीत जमीन, परवाने आणि बिल्डरचा नफा यांचा वाटा पाहिला, तर सिमेंटचा वाटा किती लहान असतो हे घर घेणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

काही रास्त शंका

जुन्या चुन्याकडेच का परतू नये, असे अनेक जण विचारतात. चुना करतानाही दगडाचा वायू तेवढाच सुटतो. सुकताना चुना त्यातला बराचसा पुन्हा शोषून घेतो हे त्याच्या बाजूचे आहे, पण सरपणाचा धूर कोणी परत घेत नाही, आणि चुन्यावर पूल किंवा चौथ्या मजल्याचा स्लॅब उभा राहत नाही. चिऱ्याच्या भिंतीचे मात्र मला मनापासून कौतुक वाटते: चिरा खाणीतून कापला जातो, भाजला जात नाही. जिथे चिरा पुरतो तिथे काँक्रीटची भिंत घालण्याची गरज नसते.

काँक्रीटही हवेतला वायू शोषते ना, ही दुसरी शंका. शोषते, परंतु पृष्ठभागापासून आत फार सावकाश. शिवाय हा वायू आतल्या सळीपर्यंत पोहोचला की सळीचे गंजापासून होणारे रक्षण संपते, आणि खाऱ्या वाऱ्यात आधीच गंजाने फुगलेले सज्जे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यावर फार आशा ठेवता येणार नाही.

विजेवर भाजलेले सिमेंट कच्चे निघेल का? क्लिंकरला १४५० अंश मिळाले आणि घटकांचे प्रमाण जुळले, तर तो तोच क्लिंकर असतो. कोळशाची राख एरवी मालात मिसळते, ती येणार नाही म्हणून मातीचे प्रमाण थोडे बदलावे लागेल. ते काम कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाचे आहे, गवंड्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

एका शंकेकडे मात्र गोव्याने खास लक्ष दिले पाहिजे. आपल्याकडच्या कचरा प्रकल्पांतून निघणारा, पुन्हा न वापरता येणारा सुका कचरा कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांत इंधन म्हणून जाळायला जातो. कॅल्सिनरमध्ये ज्वलन बंद झाले, तर या प्लॅस्टिकचे गिऱ्हाईकच जाईल. भट्टीतून कोळसा गेल्याचा आनंद व्यक्त करताना गोव्याच्या या ट्रकांचे काय करायचे, याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागेल, आणि ते सोपे नाही.

भट्टी नसलेल्या राज्याने काय करावे?

विजेच्या भट्ट्या उद्या येणार नाहीत. तोपर्यंत हाती असलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे क्लिंकर कमी वापरणे. स्वित्झर्लंडमधील ईपीएफएल या तंत्रविद्यापीठाच्या केरन स्क्रिव्हनर, तसेच दिल्ली आणि मद्रास येथील आयआयटी यांच्या संशोधनातून आलेल्या एलसी-३ सिमेंटमध्ये क्लिंकर निम्माच असतो. उरलेल्यात मुख्यतः भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक असतो. चिकणमाती ७०० ते ८५० अंशांत भाजते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. म्हणजे विजेवर भाजायला सिमेंटचा कोणता घटक सर्वांत आधी घ्यावा, तर हा: तापमान कमी, दगडाचा वायू शून्य. भारतीय मानक ब्युरोने या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे 'मानकात बसत नाही' ही सबब आता उरलेली नाही.

गोवा या बाजारात उत्पादक नाही, गिऱ्हाईक आहे, आणि त्यातले एक मोठे गिऱ्हाईक सरकारी बांधकाम आहे. निविदेत 'ओपीसी ५३' एवढेच लिहिले, तर कंत्राटदार तेच आणणार. पायाभरणी, पदपथ, गटारे, कुंपणाच्या भिंती अशा कामांत मिश्र सिमेंट चालते, आणि समुद्राजवळ तर स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा राख मिसळलेले सिमेंट सळीच्या दृष्टीने अनेकदा अधिक बरे. निविदेत सिमेंटच्या जातीबरोबर एका घनमीटर काँक्रीटमागच्या उत्सर्जनाची मर्यादाही घातली, तर घाटापलीकडच्या भट्टीला तिचा अर्थ लगेच कळेल.

विजेची किंमत गोव्याला इतरांपेक्षा चांगली ठाऊक आहे. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशाविरुद्ध इथे 'गोंयांत कोळसो नाका' म्हणत लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच काळात तमनार वीजवाहिनीसाठी मोले-सांगोड भागात झाडे तोडण्यालाही विरोध झाला. कोळसाही नको आणि तारही नको, अशी चेष्टा तेव्हा काहींनी केली. ती मला योग्य वाटली नाही, कारण तार कुठून न्यावी हा प्रश्न तार असावी की नसावी याहून वेगळा आहे. मात्र भट्ट्या विजेवर आल्या, तर अशा वाहिन्यांची मागणी कित्येक पटींनी वाढेल आणि त्यांचे मार्ग सह्याद्रीतूनच शोधले जातील. त्या आराखड्यांवर हरकती घेण्याची वेळ ते नकाशावर असतानाच असते.

सिमेंटची भट्टी एकदा उभी राहिली की तीस-चाळीस वर्षे चालते. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष ठरवले आहे आणि गोवा सरकारने पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर जाण्यासाठी २०५० हे. याचा अर्थ कर्नाटकात आज पाया घातला जाणारा कॅल्सिनर २०५० नंतरही तापलेला असेल. त्याच्या शेजारी विजेची उपकेंद्रे आणि वायू वेगळा काढण्याची यंत्रे बसवायला जागा सोडली आहे का, हे पर्यावरण परवान्याच्या सुनावणीतच विचारता येते, कारण नंतर ती जागा काढायची तर मनोराच पाडावा लागतो.